आधी प्रश्न, मग प्राणी

डॅप्टोमायसिन नावाचे एक प्रतिजैविक आहे. न्यूमोकॉकस जिवाणूला ते परीक्षानळीत बघता बघता मारते. २००३ साली अमेरिकेत त्वचेच्या संसर्गांसाठी त्याला मान्यता मिळाली, पुढे रक्तातल्या संसर्गांतही ते कामी आले. न्युमोनियाच्या रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा मात्र ते नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडले. कारण शोधायला संशोधक उंदरांकडे वळले. जिवाणू रक्तातून फुप्फुसात उतरले असतील तर औषध चालत होते. श्वासमार्गाने थेट वायुकोशांत सोडलेल्या न्यूमोकॉकसपुढे ते हरत होते. श्वास सोडताना वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध थर असतो. डॅप्टोमायसिन त्या थरातच अडकून निकामी होत होते.

जिवाणू कोणत्या वाटेने आला आणि कुठे बसला, एवढ्यावर निकाल फिरला. फुप्फुसाच्या संसर्गासाठी स्वतंत्र प्राणी-मॉडेले का लागतात, या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत थोडक्यातले उत्तर हेच. जिवाणूशास्त्राच्या वर्गात मॉडेल म्हणजे माणसाच्या आजाराची छोटी प्रतिकृती असे सांगितले जाते. हे वाक्य विद्यार्थ्यांच्या डोक्यातून जितक्या लवकर निघेल तितके बरे. मॉडेलमध्ये चार गोष्टी एकत्र येतात: एक प्राणी, जिवाणूचा एक विशिष्ट वाण, तो आत सोडण्याची वाट आणि आपण विचारलेला प्रश्न. पहिल्या तीन गोष्टी शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ या भागात सापडतात. चौथी अनेकदा सापडत नाही, आणि या क्षेत्रातले बरेचसे वाद तिच्या अनुपस्थितीतून जन्मलेले आहेत.

इतिहासाची सुरुवात सशापासून होते. १८६५ मध्ये फ्रान्समध्ये व्हिलमाँ याने क्षयाने मेलेल्या माणसाच्या फुप्फुसातला भाग सशांना टोचला आणि सशांना क्षय झाला. क्षय घराण्यातून येतो असे मानण्याच्या काळात हे पचणे कठीण होते. जिवाणू कोणता हे त्याला दाखवता आले नाही. ते काम रॉबर्ट कॉखने केले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने मांडलेल्या पुराव्याचा कणा गिनिपिग होता. रोग्याच्या शरीरातून जंतू काढायचा, शुद्ध स्वरूपात वाढवायचा, गिनिपिगला टोचायचा, तोच रोग होतो का पाहायचे आणि तोच जंतू पुन्हा बाहेर काढायचा. गिनिपिग या कामाला फारच सोयीचा निघाला, कारण मोजक्या क्षयजंतूंनीही तो आजारी पडतो आणि सहसा वाचत नाही. पुढे कित्येक दशके थुंकीत क्षयजंतू आहेत की नाही हे ठरवायला रुग्णालये गिनिपिग बाळगत.

आठच वर्षांनी त्याच गिनिपिगने कॉखला तोंडघशी पाडले. १८९० मध्ये त्याने ट्युबरक्युलिनची घोषणा केली. गिनिपिगांत दिसलेल्या परिणामाच्या भरवशावर रोग्यांच्या झुंडी बर्लिनकडे निघाल्या आणि काही महिन्यांत निराश होऊन परतल्या. ट्युबरक्युलिन औषध म्हणून संपले, निदानाची चाचणी म्हणून टिकले. त्वचेत टोचून गाठ मोजण्याची चाचणी आजही त्याच्याच वंशातली आहे. म्हणजे या विषयाचे पहिले मोठे यश आणि पहिले मोठे अपयश एकाच माणसाचे आणि एकाच प्राण्याचे.

त्याच सुमारास अमेरिकेत सॅरनॅक लेकला स्वतः क्षयाने ग्रासलेल्या एडवर्ड ट्रुडो या डॉक्टरने पंधरा सशांचा एक प्रयोग केला. पाच सशांना क्षयजंतू टोचून अंधाऱ्या, ओल्या जागी कोंडले. पाचांना जंतू न टोचताच तसे कोंडले. उरलेल्या पाचांना जंतू टोचून एका छोट्या बेटावर मोकळे सोडले. पहिल्या गटातले चार लवकरच मेले. दुसऱ्या गटातले खंगले, पण क्षय एकालाही झाला नाही. बेटावरच्यांपैकी एक गेला, चार धडधाकट राहिले. प्रत्येक गटात पाच ससे म्हणजे आजच्या कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाला हसू येईल. तरीही मला हा प्रयोग आजच्या अनेक शोधनिबंधांपेक्षा नेटका वाटतो. जंतू पुरेसा आहे का, कोंदट जागा पुरेशी आहे का, हे दोन प्रश्न त्याने वेगळे केले आणि त्यांच्यासाठी वेगळे गट ठेवले.

न्युमोनियाची कथा वेगळ्या वाटेने गेली. १८८१ मध्ये अमेरिकेत स्टर्नबर्ग आणि फ्रान्समध्ये पाश्चर, दोघांनीही माणसाची लाळ सशांना टोचून न्यूमोकॉकस गाठला. प्रतिजैविके येण्यापूर्वी न्युमोनियावर जिवाणूच्या त्या त्या प्रकारावरचा प्रतिरक्तद्रव (सीरम) हाच उपाय होता, आणि रुग्णाचा न्यूमोकॉकस कोणत्या प्रकारचा हे कळायला त्याची थुंकी उंदराच्या पोटात टोचत. न्यूमोकॉकस उंदराच्या पोटात इतक्या झपाट्याने वाढतो की काही तासांत उत्तर मिळे. लंडनमध्ये ग्रिफिथ याच प्रकारांचा अभ्यास करत होता. १९२८ मध्ये त्याने निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि उष्णतेने मारलेले घातक जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू सापडले. मेलेल्याने जिवंताला काय दिले, हे ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवले: डीएनए. न्युमोनियाच्या उंदरातून आनुवंशिकतेचे रसायन हाती आले, हे जीवशास्त्राच्या पुस्तकांत असते. ग्रिफिथला मुळात न्युमोनियाची साथ समजून घ्यायची होती, हे मात्र त्यांतून गळते.

औषधांच्या बाबतीत उंदराने परीक्षानळीला दोनदा खोटे पाडले. जर्मनीत डोमाक याला १९३२ मध्ये प्रोन्टोसिल हा तांबडा रंग उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसपासून वाचवतो असे दिसले. परीक्षानळीत तोच रंग काहीच करत नव्हता. शरीरात त्याचे विघटन होऊन सल्फानिलामाइड तयार होते आणि खरे काम ते करते, हे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. त्यातूनच सल्फापिरिडिन आले. १९३८ मध्ये व्हिटबीने उंदरांवरच त्याचा न्यूमोकॉकसविरुद्धचा गुण दाखवला आणि न्युमोनियाला पहिल्यांदा खात्रीचे रासायनिक औषध मिळाले. दुसरे उदाहरण पायराझिनामाइडचे. साध्या, उदासीन माध्यमात ते क्षयजंतूला धक्काही लावत नाही. १९५०च्या सुमारास ते सापडले ते उंदरांवर चाळणी लावल्यामुळे. आज क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने जी चार औषधे देतात, त्यांत ते आहे. संगणकावर आणि पेशींवर सगळी चाळणी उरकून प्राणी शेवटी आणावा, असे आता म्हटले जाते. म्हणणे बहुतेक वेळा रास्त आहे. पण ती चाळणी तेव्हा असती तर ही दोन्ही औषधे पहिल्याच पायरीवर फेकली गेली असती, हेही लक्षात ठेवायला हवे.

गिनिपिगचा आणखी एक उपयोग मराठी वाचकाच्या घराजवळचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात सशांवर लस तपासली आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळमध्येच प्रयोग केले. प्लेगने माणसे गेलेल्या खोल्यांत गिनिपिग सोडायचे आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात, त्यांतले किती मरतात ते पाहायचे. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरायचा, म्हणजे पिसू उडी मारून पोचू शकत नाही. काही पिंजरे जमिनीपासून उंच टांगायचे. असे राखलेले प्राणी वाचत होते. हवा तीच, खोली तीच, फरक फक्त पिसवांचा. गाठीच्या प्लेगचा हा अभ्यास होता, फुप्फुसाच्या नव्हे. पण प्राण्याला जंतू टोचण्याऐवजी रोग जिथे आहे तिथे त्याला राहायला ठेवावे आणि काय होते ते पाहावे, ही रीत तिथे पक्की झाली.

त्या रीतीचे फुप्फुसाच्या क्षेत्रातले सर्वांत देखणे रूप पन्नास वर्षांनी बाल्टिमोरला दिसले. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात सहा खाटांचा क्षयरोग्यांचा वॉर्ड निवडला आणि तिथून बाहेर पडणारी हवा नळ्यांनी छतावरच्या खोलीत नेली. तिथे दीडशेच्या आसपास गिनिपिग होते. रोग्यांशी त्यांचा संबंध फक्त हवेपुरता. महिन्याला सरासरी तीन गिनिपिगांना संसर्ग होत राहिला. दुसऱ्या खोलीत तीच हवा अतिनील किरणांतून नेऊन सोडली. तिथले गिनिपिग निरोगी राहिले. क्षय हवेतून पसरतो याचा इतका सरळ पुरावा तोवर कोणी दिला नव्हता. त्याहून मोठी गोष्ट नंतर कळली: सगळे रोगी सारखे सांसर्गिक नव्हते. मोजक्या रोग्यांकडून बहुतेक संसर्ग येत होता, आणि औषध चालू झालेले रोगी जवळजवळ निरुपद्रवी होते. पुढे पेरू आणि दक्षिण आफ्रिकेत हीच रचना पुन्हा उभी राहिली. इथे गिनिपिग माणसाची जागा घेत नाही, तो हवेतले जंतू मोजतो. या प्रश्नापुरते त्याचे फुप्फुस माणसासारखे आहे की नाही याने काही बिघडत नाही.

इतर बहुतेक प्रश्नांत मात्र बिघडते, आणि तिथून या क्षेत्रातले पंथ सुरू होतात.

सगळ्यांत मोठा पंथ उंदराचा. उंदीर स्वस्त आहे, वीस-पंचवीस ग्रॅमचा आहे, एकाच वंशाचे हवे तितके मिळतात आणि त्याचे कोणतेही जनुक बंद करता येते. जैवसुरक्षा प्रयोगशाळेत पिंजऱ्यामागे लागणारी जागा पाहिली की हे अर्थकारण लगेच कळते. पण त्याच्या श्वासनलिकेला तेरा ते सतरा वेळा फाटे फुटतात, माणसाच्या तेवीसेक वेळा. श्लेष्मा तयार करणाऱ्या ग्रंथी माणसाच्या श्वासमार्गात खोलवर असतात, उंदरात जेमतेम वरच्या टोकाला. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल अर्ध्याहून अधिक, उंदरात दहा ते पंचवीस टक्के. क्षयाबाबत तर नेहमीच्या वाणांच्या उंदरात माणसासारखी सडलेल्या मध्याची गाठ होतच नाही, पोकळीही पडत नाही. जंतू पेशींच्या आत शांतपणे नांदतात आणि औषध तिथे सहज पोचते.

ससापंथाचा आग्रह या गाठीवरच होता. फिलाडेल्फियात मॅक्स ल्युरी याने सशांची प्रतिकारक आणि दुबळी घराणी वेगळी वाढवली आणि श्वासातून किती जंतू गेल्यावर किती गाठी होतात ते मोजले. गिनिपिगपंथ लशींचा: क्षयाची बीसीजी लस दिलेला गिनिपिग न दिलेल्यापेक्षा जास्त जगतो, हा फरक इतका स्वच्छ दिसतो की नवी लस आली की तिला आधी या परीक्षेला बसवतात. झेब्राफिशला फुप्फुसच नाही. तरी तिची पारदर्शक अळी क्षयजंतूच्या चुलत भावाने ग्रासली की गाठ कशी बांधली जाते हे सूक्ष्मदर्शकातून थेट पाहता येते. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने तिथेच दाखवले की शरीराने बांधलेली गाठ सुरुवातीच्या काळात जंतूंच्या पसरण्याला मदतच करते. गाठ म्हणजे तटबंदी, ही शंभर वर्षांची समजूत एका माशाने हलवली. आणि मॅकाक माकडांचा पंथ: मोजका, महागडा आणि सगळ्यांत अवघड नैतिक ओझ्याचा. माकडात सुप्त संसर्गही होतो, पोकळीही पडते, आणि पेट-सीटीने एकेका गाठीचा माग काढता येतो. एकाच माकडाच्या एकाच फुप्फुसात एक गाठ निर्जंतुक होते आणि शेजारची फुटून पसरते, हे तिथे दिसले. रोगी बरा होतोय की बिघडतोय, हा प्रश्न एका अर्थी चुकीचा आहे असे मग वाटू लागते. प्रत्येक गाठीचा हिशेब वेगळा आहे.

या पंथांत कोण खरा हे ठरवण्यात काही पिढ्या गेल्या. उंदरातही क्रॅमनिक यांनी अभ्यासलेला सी३एचईबी-एफईजे हा वाण सडलेल्या मध्याच्या गाठी करतो, हे कळल्यावर उंदीर आणि ससा यांमधली भिंत थोडी खचली.

जुनाट संसर्गाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण सिस्टिक फायब्रोसिसचे. या आनुवंशिक आजारात श्लेष्मा घट्ट होतो आणि स्युडोमोनास जिवाणू फुप्फुसात कायमचा मुक्काम ठोकतो. जनुक १९८९ मध्ये सापडले, १९९२ मध्ये तेच जनुक मोडलेला उंदीर तयार झाला. सगळ्यांनी श्वास रोखून वाट पाहिली. उंदराचे आतडे बिघडले, फुप्फुस ठणठणीत राहिले. मग संशोधक जिवाणू अगरच्या बारीक मण्यांत गुंडाळून श्वासनलिकेत सोडू लागले, म्हणजे निदान ते बाहेर फेकले जाऊ नयेत. रॅट जातीच्या मोठ्या उंदरावर ही युक्ती १९७९ मध्ये बसवली होती. तिच्यातून औषधांबद्दल बरेच शिकता आले. संसर्ग मुळात सुरू कसा होतो, याबद्दल जवळजवळ काही नाही, कारण सुरुवात आपणच करून दिलेली असते. २००८ मध्ये तेच जनुक मोडलेले डुक्कर आले, पाठोपाठ फेरेट. त्यांची फुप्फुसे आजारली. उंदीर का वाचला? माणूस आणि डुक्कर यांच्या श्वासमार्गात आम्ल सोडणारा एक पंप आहे, उंदरात तो जवळजवळ नाही. पृष्ठभागावरचा द्रव आम्लधर्मी झाला की जिवाणू मारणारी प्रथिने ढिली पडतात. २०१६ मध्ये हे छापून आले तेव्हा चोवीस वर्षांचे कोडे सुटले. उंदीर अपयशी ठरला म्हणूनच हा पंप शोधायची गरज पडली, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल.

अचानक येणाऱ्या न्युमोनियाच्या बाजूला दोन छावण्या आहेत आणि त्या एकमेकींचे निबंध फारसे वाचत नाहीत. औषधशास्त्रज्ञ सायक्लोफॉस्फामाइड देऊन उंदराच्या न्यूट्रोफिल पेशी आधी खलास करतात, मग फुप्फुसात जिवाणू सोडतात आणि औषधाची कोणती मात्रा, किती तासांनी, हे शोधतात. प्रतिकारशक्ती बाजूला केली की औषधाचे स्वतःचे काम दिसते. अतिदक्षता विभागातल्या क्लेब्सिएला जिवाणूवर नवी प्रतिजैविके आणताना हा हिशेब टाळता येत नाही. उंदीर औषध माणसापेक्षा फार लवकर बाहेर टाकतो, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा देऊन माणसाच्या रक्तातल्या औषधाच्या आलेखाची नक्कल करावी लागते. रोगप्रतिकारशास्त्रज्ञांना मात्र नेमकी तीच प्रतिकारशक्ती पाहायची असते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात साथ आली आणि तिच्या जिवाणूला लेजिओनेला हे नाव मिळाले. तो शोधतानाही मृतांच्या फुप्फुसातला अंश आधी गिनिपिगांनाच टोचला होता. नेहमीचा काळा उंदीर या जिवाणूला सहज परतवतो, ए-जे नावाचा वाण परतवू शकत नाही. फरक एका जनुकाचा निघाला, आणि पेशी जिवाणूच्या शेपटीचे प्रथिन कसे ओळखते याचा शोध तिथून सुरू झाला.

भारताचा या इतिहासातला वाटा बहुतेक मद्रासचा आहे, आणि तो गैरसोयीचा आहे. १९५६ मध्ये तिथे क्षय-उपचार संशोधन केंद्र उभे राहिले. तिथल्या रोग्यांचे क्षयजंतू गिनिपिगांना टोचले असता ते ब्रिटिश रोग्यांच्या जंतूंपेक्षा सरासरीने बरेच सौम्य निघाले. मिचिसन यांनी १९६० मध्ये ते प्रसिद्ध केले. मद्रासचे रोगी मात्र मुळीच सौम्य आजारी नव्हते. ज्या प्राण्याला क्षयाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार मानले जात होते, त्याची साक्ष दक्षिण भारतात उलटी गेली. पुढे चिंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची चाचणी झाली. गिनिपिगांत इतकी स्वच्छ चालणारी लस तिथे फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण देताना दिसली नाही. मातीत, पाण्यात राहणारे क्षयजंतूचे निरुपद्रवी नातेवाईक खेड्यातल्या माणसाला आधीच भेटलेले असतात आणि लशीची जागा त्यांनी अगोदरच अडवलेली असते, हे एक स्पष्टीकरण. निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेल्या गिनिपिगला ते कधी भेटलेलेच नसतात. गिनिपिगांना मुद्दाम असे जिवाणू आधी देऊन मग लस देण्याचे प्रयोग साठच्या दशकातच झाले होते. त्या धाग्याकडे प्रयोगशाळांनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे. स्वच्छ प्राणी पुनरावृत्तीला सोयीचा असतो, पण ज्यांना क्षय होतो ती माणसे तशी वाढलेली नसतात.

हे सगळे आत्ता मराठीत मांडायची निकड काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख दगावले. त्या रोग्यांतला चौथाईहून अधिक वाटा भारताचा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड यांचा सहा महिन्यांचा उपचार आला, त्याची जुळणी आधी उंदरांत झाली. २०२० मध्ये छापलेल्या निक्स-टीबी चाचणीत १०९ रोग्यांपैकी ९० टक्क्यांना गुण आला, आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडलेला तोच उपचार भारताने २०२४ मध्ये स्वीकारला. पण त्याच उंदराने आधी भ्रमही दिला होता. मॉक्सिफ्लॉक्सासिनमुळे साध्या क्षयाचा उपचार चार महिन्यांवर येईल असे उंदरांत वाटले. २०१४ मध्ये माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत तो फसला. कारणे शोधताना सशांच्या गाठींचे काप काढून औषध कुठवर पोचते याचा नकाशा केला गेला. गाठीच्या सडलेल्या मध्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन नीट शिरत नव्हते, आणि उंदराच्या गाठीला तसा मध्यच नव्हता. २०२१ मध्ये रिफापेन्टिनची जोड देऊन चार महिन्यांचा उपचार अखेर जमला.

लशींचे तसेच. एमव्हीए८५ए ही लस प्राण्यांतून पुढे गेली आणि २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाळांत निष्प्रभ ठरली. प्राण्यांतला पुरावा मुळात किती भक्कम होता यावर वैद्यकीय नियतकालिकांत कडाक्याचे भांडण झाले. उलट २०२० मध्ये बीसीजी शिरेतून दिल्यावर दहापैकी नऊ माकडे वाचली, आणि शंभर वर्षे जुन्या लशीकडे लोक नव्याने पाहू लागले. डांग्या खोकल्याच्या बाबतीत २०१४ मध्ये बबून माकडांनी सांगितले की नवी लस आजार टाळते, पण जंतूचे वास्तव्य आणि प्रसार टाळत नाही. आणि जिथे माणसावर चाचणी करणेच अशक्य, तिथे २००२ पासून अमेरिकेत फक्त प्राण्यांच्या पुराव्यावर मान्यता देण्याची सोय आहे. फुप्फुसाच्या प्लेगसाठी लेव्होफ्लॉक्सासिनला २०१२ मध्ये अशीच मान्यता मिळाली, माकडांवरच्या प्रयोगांच्या आधारे.

दुसऱ्या बाजूने जमीन सरकते आहे. चिपवरचे फुप्फुस २०१० मध्ये तयार झाले. अमेरिकेने २०२२ अखेर कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राणी-चाचणीची सक्ती काढली. भारतानेही २०२३ मध्ये औषध-नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली. आपल्याकडे १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्रत्येक संस्थेतली प्राणी-नीतिसमिती आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा आणि वेदना कमी करा, सगळे तोंडपाठ म्हणतात. अडते ते तपशिलात. मृत्यू हाच निकाल धरण्याचे दिवस संपले. वजन किती घटले, शरीर किती गार पडले, यावर प्राण्याला वेळेत सोडवता येते. यादृच्छिक वाटणी न केलेला, कोणत्या गटाला काय दिले हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला, आणि निकाल न आवडल्यामुळे फाइलीत पडून राहिलेला प्रयोग मला क्रूरतेच्या यादीत सर्वांत वर घालावासा वाटतो. त्यातून प्राणी गेलेला असतो आणि ज्ञान आलेले नसते.

प्रस्तुत संग्रह सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक आणि औषधनिर्माण या शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच प्रयोगशाळेच्या बाहेरून या विषयाकडे संशयाने पाहणाऱ्या वाचकासाठीही. ही प्रयोगपुस्तिका नव्हे. कोणत्या सुईने किती मायक्रोलिटर हे यात क्वचित येईल. ते शिकायला अनुभवी हाताशेजारी उभे राहावे लागते. प्राण्यांनुसार प्रकरणे पाडायचा मोह आम्ही टाळला आहे. मांडणी प्रश्नांनुसार आहे: संसर्ग सुरू कसा होतो, शरीर काय करते, औषध कुठवर पोचते, लस टिकते का, जंतू पुढच्याकडे कसा जातो. त्यामुळे एकच गिनिपिग पाच ठिकाणी भेटेल आणि दर वेळी त्याची लायकी वेगळी ठरेल. लेखकांची मते जुळत नाहीत; झेब्राफिशबद्दलची दोन प्रकरणे तर उघडपणे एकमेकांविरुद्ध आहेत आणि ती शेजारी शेजारी मुद्दाम ठेवली आहेत.

विषाणू आणि बुरशी यांना इथे जागा नाही. अपवाद इन्फ्लुएन्झानंतर येणाऱ्या जिवाणूजन्य न्युमोनियाचा, कारण तिथे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. परिभाषेत आम्ही प्रयोगशाळेत बोलले जाणारे शब्दच वापरले आहेत. विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी असे विचारले तर मी औषधांच्या प्रकरणाकडे बोट दाखवीन. लशींचे प्रकरण शेवटी वाचावे. ते सर्वांत अपूर्ण आहे, आणि चिंगलपट्टूचा प्रश्न त्यात अजून उघडाच आहे.